गोधडीची मागची बाजू

मागच्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या गावच्या लायब्ररीच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. घरात जुनी क्विल्ट असेल तर शनिवारी घेऊन या, आम्ही तिचं माप घेऊ, फोटो काढू, माहिती लिहून ठेवू; विकत घेणार नाही आणि किंमतही सांगणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. क्विल्ट म्हणजे इकडची गोधडी. वरचा थर रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेला, मध्ये कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थर एकत्र धरणारा धावदोरा. आमच्या घरात इकडची गोधडी नव्हती, पण तिकडची होती. पीएच.डी.ला निघालो तेव्हा आईनं माझ्या बॅगेतून दोन जाडजूड पुस्तकं बाहेर काढून त्या जागी ती कोंबली होती. 'पुस्तकं तिथं मिळतील' हा तिचा युक्तिवाद होता, आणि तो बरोबर निघाला.

तर शनिवारी मी गोधडी काखोटीला मारून रांगेत उभा. पुढेमागे सगळ्या साठी-सत्तरीच्या अमेरिकन बायका, हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या क्विल्ट. माझा नंबर आला तेव्हा टेबलापलीकडच्या आजीबाईंनी पांढरे हातमोजे घातले, गोधडी पसरली आणि फॉर्म भरायला घेतला.

"वरचं कापड कसलं?"

"साडी."

"आत काय भरलंय?"

"साड्याच. चार-पाच थर."

"आणि अस्तर?"

"तीही साडी."

बाईंनी तीन रकान्यांत तीनदा 'साडी' लिहिलं. मग छोटी पट्टी लावून टाके मोजले. इंचाला पाच. इकडच्या स्पर्धांत दहा-बारा टाके घालणाऱ्या बायका असतात, असं त्यांनी मला दुखवायचं नाही अशा बेतानं सांगितलं. मी म्हटलं, ही स्पर्धेची नाही, थंडीची आहे. त्या हसल्या. पुढचा प्रश्न आला, "कुणी केली?"

"माझ्या आजीनं," मी ठोकून दिलं.

"तुम्ही त्यांना ही शिवताना पाहिलं होतं?"

इथे मात्र मी अडकलो. गोधडीतला तुकडा न् तुकडा मला ओळखता येतो. हे हिरवं आजीचं रोजचं लुगडं, हे जांभळं काठाचं आत्याच्या लग्नातलं, हे आजोबांचं धोतर. पण आजीच्या हातात सुई? तशी आठवण काही केल्या येईना. बाईंनी माझा चेहरा पाहिला, पेन खाली ठेवून पेन्सिल उचलली आणि 'आजी' असं पेन्सिलनं लिहिलं. "घरी विचारून कळवा, मग पक्कं करू," म्हणाल्या.

या पेन्सिलीनं मला अस्वस्थ केलं. एका जुन्या पांघरुणाच्या मागे 'कुणी केलं' हे इतक्या हट्टानं का विचारायचं? म्हणून वाचत गेलो, आणि अमेरिकेतल्या घरगुती शिवणकामाचा एक वेगळाच इतिहास हाती आला. आज तो तुम्हाला सांगतो.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत क्विल्ट ही एकटीनं करायची गोष्ट असेच असं नाही. वरचा थर एखादी बाई हिवाळाभर घरी बसून जोडायची, पण तिन्ही थर शिवायची वेळ आली की लाकडी चौकट मांडायची आणि शेजारणींना बोलवायचं. चौकटीभोवती आठ-दहा जणी बसून शिवणार, जेवण यजमानणीकडे, गप्पा सर्वांच्या. आपल्याकडे पापड-कुरडयांना शेजारणी जमतात तसंच. अशा क्विल्टवर कुणाचं नाव घालणार?

पण १८४०च्या दशकात पूर्वेकडच्या मेरिलँड, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी या राज्यांत नावं घालायची लाटच आली. प्रत्येक मैत्रिणीनं एकेक चौकोन करायचा, त्यावर सही करायची, आणि सगळे चौकोन जोडून एक क्विल्ट करायची. लग्न होऊन जाणारीला किंवा पश्चिमेकडे नवी जमीन शोधायला निघालेल्या कुटुंबाला ती भेट मिळे. ही लाट तेव्हाच का आली, याचं एक कारण आम्हा इंजिनियर लोकांना आवडेल असं आहे. त्याआधीची शाई लोखंडाच्या क्षारांची असे. ती कापडावर सुरेख उमटे, पण काही वर्षांत अक्षराखालचं कापडच खाऊन टाकी. १८३०च्या दशकापासून कापडाला न खाणारी, धुतली तरी न जाणारी शाई बाजारात मिळू लागली. नाव टिकेल अशी शाई आली, आणि बायकांनी नावं लिहिली. म्हणजे इच्छा आधीपासून असणार, सोय नव्हती.

नमुन्यांचं मात्र उलटं होतं. ते कुणाचेच नव्हते. रांगोळीसारखं समजा. शेजारणीच्या दारात पाहिली, ठिपके मोजले, दुसऱ्या दिवशी आपल्या दारात काढली. 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्रानं १९२८ ते १९६१ या काळात हजाराहून जास्त नमुने छापले. सुरुवातीला ते पदरच्या चित्रकारणीकडून येत, पुढे वाचक बायकाच आपापले नमुने पाठवू लागल्या. एकच नमुना गावागणिक वेगळ्या नावानं ओळखला जाई. 'अस्वलाचा पंजा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या नमुन्याला दुसरीकडे 'चिखलातलं बदकाचं पाऊल' म्हणत, आणि क्वेकर पंथाच्या लोकांत त्याचाच 'मैत्रीचा हात' होई. बार्बरा ब्रॅकमन या अभ्यासक बाईंनी पुढे असे नमुने गोळा करून त्यांना क्रमांक दिले, ते चार हजारांच्या वर गेले. नमुना फुकट, सर्वांचा, आणि तो तसाच असावा असं मला वाटतं. पण नमुना सर्वांचा असला तरी कापडावर टाके घालणारे हात कुणातरी एकीचे असतात. ते हात विसरले गेले की काय होतं, याच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली हॅरिएट पॉवर्स हिची. जन्म १८३७, जॉर्जिया राज्यात, गुलामगिरीत. गुलामगिरी संपल्यावर नवऱ्याबरोबर थोडी जमीन करून राहिली. बायबलमधल्या गोष्टी कापडाच्या आकृत्या कापून, पांघरुणावर शिवून मांडायची तिची रीत होती. १८८६मध्ये अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत तिनं अशी एक क्विल्ट मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेनं ती पाहिली, पॉवर्सचं घर शोधून काढलं आणि विकत मागितली. पॉवर्सनं साफ नकार दिला. चार-पाच वर्षांनी दिवस वाईट आले तेव्हा तीच आपण होऊन विकायला आली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. नवऱ्यानं घे म्हटलं म्हणून घेतले.

निघण्याआधी तिनं एक केलं. क्विल्टवर ११ चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत काय आहे, हे तिनं स्मिथबाईंना समजावून सांगितलं, आणि स्मिथबाईंनी ते लिहून घेतलं. पुढेही ती अनेकदा आपली क्विल्ट बघायला त्यांच्याकडे येत राहिली. विकलेली वस्तू बघायला जाणं.. सासरी दिलेल्या लेकीला बघायला जावं तसं. ती क्विल्ट आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे, आणि तिची दुसरी एक बोस्टनच्या कलासंग्रहालयात. त्या काळातल्या किती कृष्णवर्णीय बायकांनी किती क्विल्ट केल्या असतील याचा हिशोब नाही. पॉवर्सची आपल्याला माहीत आहे, कारण तिनं सांगितलं आणि समोरच्या बाईनं वही काढली.

दुसरी गोष्ट १९३३ची. विवेकानंद १८९३मध्ये ज्या शिकागोत बोलले, तिथे चाळीस वर्षांनी दुसरं जागतिक प्रदर्शन भरलं. जागतिक मंदी ऐन भरात. सिअर्स या टपालानं माल विकणाऱ्या अवाढव्य कंपनीनं या प्रदर्शनाच्या निमित्तानं क्विल्टची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. एकूण बक्षिसं साडेसात हजार डॉलरची, पहिलं बक्षीस हजार डॉलर. त्या वर्षी नवी कोरी साधी फोर्ड गाडी पाचशेच्या आसपास मिळे, म्हणजे दोन गाड्या आल्या. वर्षाच्या सुरुवातीला घोषणा झाली आणि १५ मे ही शेवटची तारीख. चारेक महिन्यांत सुमारे २४ हजार क्विल्ट आल्या! घरोघरी दिव्याखाली किती बोटं सुईनं टोचली असतील, कल्पना करा.

बक्षीस मिळालं केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट केडन यांना. त्यांचं बहिणींबरोबर भेटवस्तूंचं दुकान होतं. हिरव्या छटांची ताऱ्यांची क्विल्ट, टाके अतिशय बारीक. ती राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट म्हणून गेली. आज ती कुठे आहे, याचा पत्ता नाही.

आता खरी गोष्ट. स्पर्धेचा नियम होता की क्विल्ट स्वतः केलेली हवी. केडनबाईंच्या क्विल्टमधला एकही टाका त्यांचा नव्हता. जोडण्यापासून शिवण्यापर्यंत सगळं काम केंटकीतल्या दुसऱ्या बायकांनी मजुरीवर केलं होतं. बक्षिसाच्या हजारातलं त्यांना काही मिळालं नाही. आणि त्या बोलल्याही नाहीत, कारण मंदीत शिवणाचं जे काम मिळे ते त्या दुकानाकडूनच. तोंड उघडलं असतं तर चूल बंद झाली असती. मेरिके वॉल्डवोगेल आणि वर उल्लेख केलेल्या बार्बरा ब्रॅकमन या दोघींनी जुन्या स्पर्धक बायका आणि त्यांची कुटुंबं शोधत ही हकीकत उकलली आणि १९९३मध्ये त्या स्पर्धेवर पुस्तक लिहिलं. तोपर्यंत साठ वर्षं उलटली होती.

हे वाचताना मी जरा वरमलो. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं यावरून महिनोन् महिने रुसून बसणारी आम्ही माणसं. आणि रात्रभर यंत्राशेजारी बसून नमुने तयार करणारा तंत्रज्ञ असतो त्याचं नाव, आठवलंच तर, शेवटी आभारात. असो.

तिसरी गोष्ट एकाच संग्रहालयाची, पण ३१ वर्षांच्या अंतरानं घडलेली. १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाईन आणि गेल व्हॅन डर हूफ या जोडप्यानं जमवलेल्या जुन्या क्विल्ट भिंतीवर टांगल्या गेल्या, आधुनिक चित्रं टांगतात तशा. लोक थक्क झाले. नामांकित चित्रकार जे रंगांचे पट्टे आणि चौकोन काढत होते, ते शेतकऱ्यांच्या बायकांनी शंभर वर्षं आधी पांघरुणावर काढून ठेवले होते की! घरगुती छंदाला कलेचा दर्जा मिळाला, देशभर क्विल्टचं पुनरुज्जीवन झालं, त्यात या प्रदर्शनाचा मोठा वाटा मानतात. पण जुन्या बाजारातून आलेल्या त्या क्विल्टपैकी बहुतेकींची करणारी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. राज्य आणि अंदाजे काळ, एवढीच ओळख. जमवणाऱ्यांची नावं जगाला कळली, करणाऱ्यांची नाहीत.

ही चुटपुट लागलेल्या काही जणींनी १९८१मध्ये केंटकीत एक उपक्रम सुरू केला. गावोगावी, एखाद्या चर्चमध्ये किंवा लायब्ररीत, एक दिवस ठरवायचा. लोकांनी घरातल्या क्विल्ट आणायच्या. माप, फोटो, आणि प्रश्न: कुणी केली, कधी, कुठे, कुणासाठी? आजी जिवंत आहे तोवर विचारून घ्या, क्विल्ट जुन्या बाजारात जायच्या आधी विचारून घ्या. बघता बघता बाकीच्या राज्यांनीही हेच उचललं आणि हजारो क्विल्टना नाव-गाव मिळालं. आमच्या लायब्ररीतला शनिवार हे त्याच झाडाचं पिल्लू. पेन्सिलीमागे हे सगळं होतं.

आता ३१ वर्षं पुढे येऊ. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तीन बाजूंनी पाणी. एका मळेवाल्याच्या गुलामांचे वंशज तिथे राहतात, आणि त्यातल्या कित्येकांचं आडनाव आजही त्या मालकाचंच, पेटवे. १९६०च्या दशकात इथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा १९६२मध्ये तरच बंद झाली. मग चाळीस मैलांचा वळसा. तर पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. इथल्या बायका झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या, पोत्यांच्या, हाती येईल त्या कापडाच्या क्विल्ट करत. भिंतीच्या फटींतून वारा येई म्हणून करत. छंद हा शब्द त्यांच्यासाठी फार चैनीचा. पण हवेशीर दिवशी क्विल्ट दोरीवर वाळत घातल्या की येणारीजाणारी थांबून बघे, कुणी काय नवं केलंय ते मनात टिपून घरी जाई. वाळत घालायची दोरी हेच त्यांचं प्रदर्शन.

अशाच दोरीवरच्या क्विल्ट १९६५च्या डिसेंबरात फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूंच्या नजरेला पडल्या. त्यांनी काही विकत घेऊन न्यूयॉर्कला लिलाव केला आणि १९६६मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, 'फ्रीडम क्विल्टिंग बी'. १९७२मध्ये तिला उशांचे कॉर्डरॉयचे अभ्रे शिवायचं मोठं काम मिळालं. कुणाकडून? सिअर्सकडून! अभ्रे सगळे एकसारखे हवेत, म्हणजे कुठलीचा हात ओळखू येता कामा नये. पण उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून आपापल्या मनाच्या क्विल्ट केल्या.

२००२मध्ये जीज बेंडच्या क्विल्ट आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनी संग्रहालयात लागल्या. या वेळी प्रत्येकीशेजारी करणारीचं नाव आणि जन्मसाल होतं, आणि त्यातल्या कित्येक जणी तिथे स्वतः हजर होत्या. २००६मध्ये अमेरिकन टपाल खात्यानं दहा तिकिटं काढली, त्यावर मेरी ली बेंडॉल्फ, नेटी यंग अशा बायकांच्या क्विल्ट होत्या. पण गोष्ट 'आणि त्या सुखानं नांदल्या' अशी संपत नाही. पैसे आणि हक्क यांवरून तिथल्या तिघींनी २००७मध्ये क्विल्ट गोळा करणाऱ्यांवर खटले भरले. ते २००८मध्ये न्यायालयाबाहेर मिटले. नुसतं नाव मिळाल्यानं सगळं मिळतं असं नाही. पण मला एवढं दिसतं की १९३३च्या बायका कोर्टाची पायरी चढायचा विचारही करू शकल्या नसत्या. भांडायलाही आधी नाव लागतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला फोन लावला. विचारलं, "आपली गोधडी आजीनंच शिवली ना गं?"

"आजीला कुठला वेळ? एवढं घर, येणारंजाणारं. दुपारच्या एक बाई यायच्या शिवायला. माझं लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा. ओटीवर पसरून बसायच्या. पोरगं तिथंच गोधडीवर झोपलेलं असायचं, त्याच्या भोवतीनं शिवायच्या."

"नाव काय त्यांचं?"

फोनवर बराच वेळ शांतता. "नाव.. आम्ही त्यांना मुलाच्या नावानं हाक मारायचो रे. अमक्याची आई. आता तेही आठवेना. डावखुऱ्या होत्या, एवढं आठवतंय. पैसे थोडे, एक जुनं लुगडं आणि ज्वारी द्यायची आजी."

म्हणजे मी लायब्ररीत बसून, अगदी अभिमानानं, केडनबाईंचं काम करून आलो होतो. आणि गंमत अशी की आजीनं हा दावा कधी केलाच नव्हता. तो मी केला. आपण गोधडीत कापड कुणाचं हे पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवतो, हे लुगडं हिचं, ती साडी तिची. टाके कुणाचे, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या थंडीतल्या इतक्या रात्री ज्या हातांच्या टाक्यांखाली गेल्या, ते हात मला माहीत नाहीत.

पुढच्या शनिवारी मी लायब्ररीत गेलो आणि आजीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे पेन्सिलीची 'आजी' खोडली. मग आम्ही दोघांनी मिळून पांढऱ्या सुती कापडाची एक चिठ्ठी केली, तीवर न जाणाऱ्या शाईच्या पेननं मी लिहिलं आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात ती शिवून टाकली. इंचाला तीन टाके, तेही वाकडे. तिच्यावर असं आहे: 'कापड आजीचं. शिवण आमच्याकडे दुपारी येणाऱ्या डावखुऱ्या बाईंची. कऱ्हाड, १९९०च्या सुमाराला. नाव शोधतो आहोत.'

आई म्हणाली होती, दिवाळीत कऱ्हाडला गेले की जुन्या शेजाऱ्यांकडे विचारते. तिनं विचारलं. एकीला त्या बाईंचं घर आठवतंय, दुसरीला मुलगा पुण्याला गेल्याचं ऐकून माहीत आहे. अजून नाव मिळालेलं नाही. चिठ्ठीवर मी एक ओळ मोकळी ठेवली आहे.

तुमच्याकडेही कपाटात, माळ्यावर, ट्रंकेत एखादी गोधडी, वाकळ, दुपटं असेलच. या आठवड्यात ते काढा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणी शिवलं? कापड कुणाचं ते ते आपण होऊन सांगतील. तुम्ही शिवणारीचं नाव विचारा. आणि लिहून ठेवा, पेन्सिलनं का होईना.